भिंतीतली भोके

शाळेला लागून असलेल्या आपल्या संस्थेच्या व्यापारी इमारतीच्या खर्चाच्या यादीत यंदा एक नवी ओळ आली आहे : "भिंती व स्लॅबमधील भोके अग्निरोधक पद्धतीने बुजवणे." गेल्या बैठकीत या ओळीवर बरीच चर्चा झाली. एक ज्येष्ठ विश्वस्त हसून म्हणाले, "अहो, भोकं बुजवायला एवढे पैसे? आमच्या वाड्यात उंदरांची बिळं काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवायचो. चार आण्यांत काम व्हायचं." सगळे हसले, आम्हीही हसलो. पण त्या इमारतीत खाली दुकाने आहेत, वर कार्यालये आहेत आणि तिसऱ्या मजल्यावर शिकवणी वर्ग आहेत, जिथे संध्याकाळी आपलीच मुले बसतात. शिवाय तिची एक भिंत आपल्या शाळेच्या जिन्याला लागून आहे. म्हणून बैठकीत वेळेअभावी जे राहिले ते येथे सविस्तर लिहीत आहोत.

मोठ्या इमारतीत काही भिंती आग अडवण्यासाठीच असतात. इमारतीचे कप्पे पाडायचे, म्हणजे एका कप्प्यात आग लागली तरी ती ठरावीक वेळ, समजा दोन तास, तिथेच राहील आणि तेवढ्यात बाकीची माणसे बाहेर पडतील, अशी त्यामागची कल्पना. नऊ इंची विटांची भिंत हे काम उत्तम करते. अडचण विटांची नसतेच. भिंत उभी राहिली की तिच्यातून वीज जाते, पाणी जाते, एसीचे पाइप जातात, आणि हल्ली दर सहा महिन्यांनी इंटरनेटची नवी केबल जाते. प्रत्येकासाठी एक भोक. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या चौथ्या भागात आगीपासूनच्या सुरक्षेचे नियम आहेत, आणि अशी भोके भिंतीइतकाच वेळ टिकेल अशा पद्धतीने बंद करावीत अशी अपेक्षा त्यात आहे. पण भोके असतात फॉल्स सीलिंगच्या वर. (काही ठिकाणी तर भिंतच फॉल्स सीलिंगपर्यंत येऊन थांबते, वर स्लॅबपर्यंत जातच नाही. खालून पाहणाऱ्याला वाटते, भिंत पूर्ण आहे.)

आम्ही होळकर विज्ञान महाविद्यालयात हिंदी माध्यमातून शिकलो. तेव्हा उष्णता कशी प्रवास करते याचे तीन प्रकार पाठ केले होते : चालन, संवहन, विकिरण. मराठी पुस्तकांत त्यांनाच वहन, अभिसरण आणि प्रारण म्हणतात. नावे कोणतीही घ्या, भिंतीतले भोक म्हणजे या धड्याचा चालता-बोलता प्रयोग आहे. गरम धूर हलका होऊन वर चढतो आणि वाट मिळेल तिथून घुसतो, हे अभिसरण. लोखंडी किंवा तांब्याचा पाइप एका टोकाला तापला की भिंतीपलीकडचे टोकही तापते, आणि त्याला टेकून ठेवलेले कागदाचे खोके पेट घेऊ शकते, हे वहन. म्हणून नुसती ज्वाला अडवून भागत नाही.

धुराचे काय होते ते लास व्हेगासमधल्या एमजीएम ग्रँड हॉटेलने जगाला दाखवले. २१ नोव्हेंबर १९८० च्या सकाळी तिथे खालच्या मजल्यावरच्या एका उपाहारगृहात विजेच्या बिघाडाने आग लागली. ती खालच्या कॅसिनोत पसरली, पण वरच्या खोल्यांपर्यंत पोहोचली नाही. तरी ८५ माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक आगीपासून कितीतरी मजले वर होती. भूकंपात इमारत हलली तर तडे जाऊ नयेत म्हणून तिच्या भागांमध्ये उभे सांधे ठेवलेले होते. ते सांधे, लिफ्टच्या विहिरी, जिने आणि हवेच्या वाहिन्या यांतून धूर वर चढला. झोपेत असलेल्या माणसाला धुरातला कार्बन मोनॉक्साइड कळतही नाही. आपल्याकडे कोलकात्याच्या ढाकुरिया भागातल्या रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे हेच झाले. आग तळघरात, आणि गुदमरले ते वरच्या मजल्यांवरचे रुग्ण. मृतांची संख्या ९० च्या आसपास होती.

आता विद्यार्थ्यांसाठी मेणबत्तीची गोष्ट. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात ब्राउन्स फेरी नावाचे अणुवीज केंद्र आहे. २२ मार्च १९७५ रोजी तिथले कामगार भिंतीतून जाणाऱ्या केबलांभोवतीच्या फटी तपासत होते. पलीकडच्या बाजूला हवेचा दाब मुद्दाम कमी ठेवलेला असे, त्यामुळे फट राहिली असेल तर इकडची हवा तिकडे ओढली जाई. हे ओळखायची त्यांची रीत सोपी होती : पेटती मेणबत्ती फटीजवळ धरायची आणि ज्योत कुठे वाकते ते पाहायचे. एके ठिकाणी ज्योत वाकली. फट बुजवायला वापरला होता पॉलियुरेथेनचा फोम, आणि तो ज्वलनशील. ज्योत आत ओढली गेली, फोम पेटला, आग भिंतीपलीकडे गेली. सुमारे सात तास ती जळत राहिली आणि १६०० हून अधिक केबल निकामी झाल्या. अणुभट्ट्या कशाबशा सुखरूप बंद करता आल्या. म्हणजे भोक बुजवलेले होते. फक्त ज्या वस्तूने बुजवले तीच जळणारी होती. पुढे १९८१ साली अमेरिकेत अशा बुजवणीची भट्टीत चाचणी घेण्याचे वेगळे प्रमाण निघाले. आजही आपल्या बाजारात फवारायचा पिवळसर फोम स्वस्त मिळतो आणि मिस्त्री तोच मारून मोकळे होतात.

"काचा आणि सिमेंट" का चालत नाही, याचे उत्तर पाइपात आहे. प्लास्टिकच्या चार इंची पाइपाभोवती सिमेंट कितीही पक्के भरा, आगीत पाइपच वितळतो आणि मधे चार इंचांचे गोल भोक उरते. त्यासाठी पाइपाभोवती एक पट्टा बसवतात. त्यातला पदार्थ तापला की फुगतो आणि वितळणाऱ्या पाइपाला चिमटीत धरून भोक बंद करतो. दिवाळीत सापाची गोळी पेटवली की एवढीशी गोळी हातभर फुगते, ती डोळ्यांसमोर आणा. केबलांच्या जुडग्याला असाच फुगणारा लेप लागतो, आणि मोठ्या भोकात खडक वितळवून केलेली लोकर दाबून वरून लेप देतात. कोणत्या भोकाला काय, हे त्यातून काय जाते त्यावर ठरते. सगळ्यांना एकच मलम नाही, आणि खर्च वाढतो तो इथे.

नववीच्या विद्यार्थ्यांनी विज्ञान शिक्षकांबरोबर टॉर्च घेऊन आपल्या जिन्यालगतच्या भिंतीची पाहणी केली. शिडीवर अर्थात मोठी माणसेच चढली. मुलांनी नोंदी ठेवल्या. ३७ भोके निघाली. त्यातल्या ११ भोकांतून काहीच जात नव्हते, जुन्या तारा कधीच काढून नेल्या होत्या. एका भोकात वर्तमानपत्राचा बोळा होता. मुलांनी प्रत्येक भोकाला क्रमांक देऊन नकाशा केला आहे, तो कार्यालयाबाहेर लावला आहे. पालकांपैकी ज्यांची दुकाने किंवा कार्यालये अशा इमारतींत आहेत त्यांनी तो जरूर पाहावा.

आमच्या मते यंदाचा खर्च मंजूर करणे सोपे आहे, पुढच्या वर्षीचे भोक अडवणे कठीण आहे. आज सगळे बुजवले तरी उद्या कोणी हॅमर ड्रिल घेऊन येणारच. म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही एक नियम ठेवला आहे : जो भोक पाडेल त्यानेच ते योग्य साहित्याने बुजवावे, शेजारी तारखेची चिठ्ठी लावावी, फोटो द्यावा, आणि तोपर्यंत त्याचे बिल निघू नये. मंडळाचा निर्णय व्हायचा आहे. शाळेपुरता नियम आम्ही लागू केला आहे. गेल्या पंधरवड्यात संगणक कक्षाची नवी केबल टाकणाऱ्याने "सर, इतना सा तो छेद है" असे म्हणून हात वर केले. त्याचे बिल सध्या आमच्या टेबलावर आहे आणि त्याचा फोन रोज येतो.