दगड झोपवायचा नसतो

राजगडावर आजवर सात-आठ वेळा तरी चढलो असेन. गडाची वाट कोणी दुरुस्त करतं, हे कधी डोक्यातही आलं नव्हतं. वाट काय, असतेच.

दिवाळीनंतरच्या शनिवारी गुंजवण्यात एका श्रमदानाच्या गटात शिरलो आणि हातात पहार आली. ती कुठे धरायची, इथूनच माझी शिकवणी सुरू झाली. चोरदरवाजाच्या वाटेवरचा, रानातला चाळीसेक फुटांचा तुकडा आमच्या वाट्याला होता. पावसाने माती ओढून नेलेली, मुळं उघडी पडलेली. मुळांवरून पाय घसरतो म्हणून लोकांनी शेजारून दुसरी वाट पाडलेली. ती धुपल्यावर तिसरी.

“दगड आणा,” असं सांगितल्यावर मी शोधून शोधून एक सुरेख चौकोनी दगड निवडला. दोघांनी तो लोळवत आणला. तात्या गावातलेच, उभा जन्म शेताच्या ताली रचण्यात गेलेला. शाबासकी मिळेल म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभा. त्यांनी दगडावरून बोट फिरवलं. तिरप्या, एकसारख्या रेघा होत्या. टाकीचे घाव.

“गडाचा दगूड हाय ह्यो. व्हता तिथं ठिवून या.”

घडीव दगडाला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. तो कुठून निखळला आणि कुठे येऊन पडला, यालाही अर्थ असतो. तो परत पोचवण्यात अर्धा तास गेला.

मग ओढ्यातला अनघड दगड आणला. काळा पाषाण दिसतो त्याहून जड असतो. घनफूटभर दगड 80 किलोच्या आसपास भरतो. घाम पुसत मी तो फरशीसारखा आडवा टाकला. तात्यांनी एका कडेला नुसता पाय दिला आणि दगड डुगडुगला.

“झोपवू नका. उभा गाडा.”

म्हणजे खड्डा खोदायचा, दगडाचा लांब भाग जमिनीत सोडायचा आणि वर फक्त पाऊल मावेल एवढं तोंड ठेवायचं. मग फटींत कपच्या ठोकायच्या, इतक्या की पहारीनेही दगड हलता कामा नये. एवढ्या मेहनतीने आणलेला माझा दगड दोन तृतीयांश मातीत गडप झाला. दिवसभरात माझे असे तीन दगड बसले.

पण खरं काम पाण्याचं होतं. तात्यांनी माझी बाटली मागितली. मला वाटलं, तहान लागली असेल. त्यांनी ती वाटेवर ओतली. पाणी वाटेच्या मधोमध धावत सुटलं. त्या धारेवरून जागा ठरली. तिथे वाटेला तिरपी अशी दगडांची ओळ गाडली आणि वरच्या अंगाला चर काढला, म्हणजे पाणी वाट सोडून बाजूच्या झाडीत उतरेल. उरलेला दिवस मी दुसऱ्यांच्या बाटल्यांवर काढला.

या कामाला हंगाम असतो. पावसाळ्यात चिखलात दगड बसत नाही. पाऊस सरला, मातीला वाफसा आला की खोदाई सोपी. पुढे उन्हं तापली की तीच जमीन पहार उडवून लावते. मे महिन्यात चरांतला पाचोळा काढून ठेवायचा. दगड नीट बसलेत का, ते पुढचा पाऊसच सांगतो.

सगळ्यात शेवटी आम्ही त्या दोन चोरवाटांवर काटेरी फांद्या आडव्या टाकल्या. करवंदीच्या फांद्या मी स्वतः रचल्या.

अंधार पडता पडता गप्पा मारत खाली निघालो आणि पोटरीत कचकन काटा घुसला. खाली पाहिलं. नवे दगड डाव्या हाताला होते. माझे पाय सवयीने तिसऱ्या वाटेला लागले होते.