खाडाखोड

आमच्या धंद्यात, म्हणजे कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिण्याच्या धंद्यात, दोन पंथ आहेत, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. तो आम्हां सर्वांना एकाच माळेचे मणी समजतो, आणि घरातला पंखा बिघडला तरी आम्हांलाच हाक मारतो. पण शैव आणि वैष्णव भांडले नसतील इतक्या हिरिरीने आम्ही आपापसांत भांडत असतो. यांतला एक पंथ ‘फंक्शनल प्रोग्रॅमिंग’चा, आणि मी त्या पंथाचा.

नाव ऐकून घाबरण्याचे कारण नाही. सात आठे छप्पन्न हे तुम्ही सोमवारी म्हणा, अमावास्येला म्हणा, उत्तर छप्पन्नच. शिवाय पाढा म्हटल्याने घरातली दुसरी कोणतीही वस्तू हलत नाही. फंक्शन असे असावे: तेच दिले तर तेच परत यावे, आणि मधल्यामध्ये कोणाच्या डब्यात हात घालू नये. दुसऱ्या पंथाचे प्रोग्रॅम एकत्र कुटुंबातल्या स्वयंपाकघरासारखे असतात. मिठाचा डबा एकच, आणि आमटीत मीठ टाकून गेलेली जाऊ दुसरीला सांगायला विसरते!

आता कोणी म्हणेल, आमटी खारट झाली तर एवढे काय? म्हणून एक हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी एका पेढीच्या पगारपत्रकाचा जुना प्रोग्रॅम माझ्याकडे दुरुस्तीला आला. तक्रार अशी, की एका शिपायाच्या कर्जाचा २,४०० रुपयांचा हप्ता ४,८०० कापला गेला होता. तोही ऐन दिवाळीच्या महिन्यात. आम्ही प्रोग्रॅम चालवून पाहिला, तर हिशेब बरोबर! पुन्हा पाहिला, पुन्हा बरोबर. तिसऱ्या रात्री उलगडा झाला. कपातीचा हिशेब करणारा भाग हिशेब तर करीच, पण करता करता तो आकडा एका सामाईक यादीत मिळवूनही ठेवी. हिशेबनीस साहेब मोठे काळजीवाहू. त्या महिन्यात त्यांनी पगारपत्रक आधी एकदा नुसते डोळ्यांखालून घातले होते. त्यांचे ते पाहणेच हप्ता होऊन बसले. आम्ही तपासताना प्रोग्रॅम दर खेपेस नव्याने, एकदाच चालवीत होतो. मग चूक दिसणार कशी?

मी हिशेब करणे आणि लिहून ठेवणे या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. हिशेब करणाऱ्याने मिळालेल्या आकड्यांवरून नवे पत्रक तयार करून द्यायचे, जुन्या यादीला बोटही लावायचे नाही. लिहिणारा एकच, तोही अगदी शेवटी. मग पत्रक शंभरदा पाहा. तिथले व्यवस्थापक म्हणाले, “एवढे शास्त्र कशाला? तिथे एक अट टाका, म्हणजे झाले.” अशा अटी त्या प्रोग्रॅममध्ये आधीच पन्नासएक होत्या. शिपायाचे पैसे पुढच्या महिन्यात परत मिळाले. पुढच्या महिन्यात म्हणजे दिवाळी झाल्यावर.

माझ्या वडिलांना या पंथाचे नाव ठाऊक नव्हते, पण ते पक्के त्याच पंथाचे. मशीद बंदरच्या एका पेढीवर त्यांनी जन्मभर रोजकीर्द लिहिली. लिहिलेला आकडा खोडायचा नाही, हा त्यांचा दंडक. चूक झाली तर खाली उलटी नोंद करायची. मूळची नोंद जशीच्या तशी राहिली पाहिजे. लक्ष्मीपूजनाला ज्या वहीवर हळदकुंकू वाहायचे तिच्यात खाडाखोड म्हणजे त्यांना अपशकुनच वाटे. आमच्या पंथात किंमत बदलत नाहीत, नवी किंमत करतात, ते याहून निराळे काय आहे?

अर्थात पंथ वडिलांच्या वहीतून निघालेला नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत अलोन्झो चर्च नावाच्या तर्कशास्त्रज्ञाने त्याचे गणित मांडले. १९५८ मध्ये जॉन मॅकार्थी यांनी ‘लिस्प’ ही भाषा रचायला घेतली. मला मौज वाटते ती जॉन बॅकस यांची. ‘फोरट्रान’ ही दुसऱ्या पंथाची थोरली भाषा त्यांनीच घडवली. १९७७ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला, आणि व्यासपीठावर उभे राहून त्यांनी त्याच पद्धतीवर टीका केली व फंक्शनल मार्ग दाखवला. सत्कारसमारंभात असे बोलणारा माणूस विरळा!

मी राहतो खारदांड्याला. खिडकीतून कोळीवाडा दिसतो, आणि पावसाळा सरला की बांबूंवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील. (बोंबील सुकवणारी बाई मात्र आमच्या पंथाची नव्हे. तिने बोंबील सुकवला की ओला बोंबील संपला. आम्ही दोन्ही ठेवले असते.) बाजारात मासळीच्या पाटीशेजारी आता यूपीआयचा चौकोनी ठिपक्यांचा कागद असतो. २०१६ मध्ये सुरू झालेली ही व्यवस्था चालवणारे महामंडळ इथून जवळच, वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. समजा, एका खात्यात हजार रुपये आहेत. दोन यंत्रांनी एकाच क्षणी तो हजार वाचला. एकाने तीनशे वजा करून सातशे लिहिले, दुसऱ्याने दोनशे वजा करून आठशे. उरायला हवे होते पाचशे! सामाईक डब्यात हात घालण्याचा हा परिणाम. म्हणून पैशांच्या कामात आमच्या पंथाला मान आहे. बंगळूरच्या ‘जसपे’ या पैसे पोचवणाऱ्या कंपनीने ‘हॅस्केल’ ही आमची सोवळी भाषा धंद्यात वापरली आहे. व्हॉट्सॲप उभे राहिले ते एरिक्सनने टेलिफोन-एक्स्चेंजांसाठी घडवलेल्या ‘अर्लांग’वर, २०१४ मध्ये ते विकले गेले, तेव्हा कोट्यवधी लोकांचे निरोप वाहणाऱ्या त्या कंपनीचा नोकरवर्ग साठाच्याही आत होता.

पंथात दोष नाहीत असे नाही. दर वेळी नवी किंमत करायची म्हणजे कधी कधी मेमरी जास्त खर्ची पडते, वेगही मार खातो. बाहेरच्या जगाशी व्यवहार तर करावाच लागतो, नाहीतर पगार बँकेत जमा कसा व्हायचा? तो व्यवहार आम्ही उंबऱ्यापाशी ठेवतो, चपलांसारखा. आणि आमची परिभाषा! ‘मोनाड’ हा शब्द समजावून सांगताना भले भले घामाघूम झालेले मी पाहिले आहेत. सौभाग्यवतींना तो कीटकनाशकाचा प्रकार वाटतो.

तरी आमचे विधी चोरपावलांनी सगळीकडे शिरले आहेत. २०१४ मध्ये जावासारख्या प्रतिष्ठित भाषेनेही ‘लॅम्ब्डा’ला घरात घेतले. आमच्या कचेरीत नुकताच लागलेला एक मुलगा परवा मला आपला प्रोग्रॅम दाखवीत होता. कुठे सामाईक यादी नाही, कुठे खाडाखोड नाही. फंक्शनातून फंक्शन, सरळ. “हे कुठे शिकलास?” मी विचारले. “असंच लिहितात ना, सर?” तो म्हणाला. मी त्याला पंथाचे नाव सांगितले नाही. सांगितले असते, तर त्याने माझ्याकडचे पुस्तक मागून नेले असते, आणि मोनाडच्या पानावर मिटून परत आणून दिले असते.