नानीच्या हातचा पाय

अम्मीला 'पाय' म्हटले की एकच गोष्ट आठवते. बकरी ईदनंतर रात्रभर मंद आचेवर शिजणारे पाये. त्यामुळे सात वर्षांच्या नातवाने, "नानी, तुम्हाला चिकन पॉट पाय येतो का?" असे विचारले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "कोंबडीच्या पायांत खाण्यासारखं असतं काय रे बाळा?"

आम्ही मायलेकी तेव्हा शिकागोजवळ धाकटीच्या घरी होतो. तिचे दुसरे बाळंतपण. शाळेच्या दिवाळीच्या सुट्टीला रजा जोडून आम्ही सोलापूरहून निघालो होतो, सोबत खारीक, डिंक, अळीव, ओवा आणि शेंगाचटणी. बाळाचा अकीका सातव्या दिवशी झाला, अलहम्दुलिल्लाह. चाळीस दिवसांचा हिशेब सुरू होता, अछवानी रोज शिजत होती, आणि धाकटीकडे सगळ्यांचे लक्ष असताना मोठ्याकडे कोणाचेच नव्हते. पायचा प्रश्न त्याने अशा दिवसांत विचारला.

हा पाय म्हणजे काय, ते आधी सांगतो. कोंबडीचे शिजवलेले तुकडे, गाजर, मटार, बटाटा, सगळे दुधाच्या दाट पांढऱ्या रश्शात, आणि वर पिठाचे झाकण. ओव्हनमध्ये झाकण फुगते, खाली रस्सा खदखदतो. थंडीतले अमेरिकेचे हे घरगुती जेवण. झाकण पातळ पोळीसारखेही करतात, पण सोपा प्रकार बिस्किटांचा. ही बिस्किटे चहात बुडवायची नव्हेत. तिकडे बिस्किट म्हणजे मऊ, खारट, पदर सुटणारा जाड गोल पाव. अम्मीला आम्ही हे समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे दमच की! बिर्याणीच्या पातेल्याला आपण कणीक लावतो. आपण ती काढून टाकतो, हे खातात." याहून चांगली व्याख्या आम्हाला अजून सापडलेली नाही.

धाकटीच्या फ्रिजवर मुलाच्या शाळेचा महिन्याच्या जेवणाचा कागद चिकटवलेला असे. कोणत्या दिवशी काय मिळणार ते त्यावर छापलेले. जे आपल्याला चालत नाही त्याभोवती धाकटी लाल पेनाने गोल करायची आणि त्या दिवशी डबा द्यायची. पॉट पायभोवती लाल गोल होता. तिथल्या दुकानांतल्या कोंबडीबद्दल तिथल्या मुसलमानांत दोन मते आहेत. अहले किताबचा जबीहा जायज आहे म्हणून काही घरांत ती चालते. यंत्रावर कापलेल्या कोंबडीवर नाव कोणी आणि कोणाचे घेतले हे कळणार कसे, असे दुसऱ्यांचे म्हणणे. धाकटीच्या घरात हे दुसरे मत चालते आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही.

खटकले ते वेगळेच. एका संध्याकाळी त्याच्या वर्गशिक्षिकेचा धाकटीला फोन आला. बोलता बोलता ती बाई म्हणाली की, तुमच्या मुलाला चिकन आवडत नाही हे आम्ही लक्षात ठेवले आहे, त्यानेच सांगितले. धाकटी फोन ठेवून हसली. ज्या मुलाला बिर्याणीतली तंगडी मिळाली नाही तर घर डोक्यावर घेतो, त्याला चिकन आवडत नाही!

अम्मी हसली नाही. "खोटं का बोलला तो?" एवढेच तिने विचारले.

आम्हाला त्याचे कारण ठाऊक होते. वीस वर्षे वर्गात उभे राहिल्यावर एवढे कळते. ज्या मुलाने डबा आणलेला नसतो ते मधल्या सुट्टीत 'भूक नाही' म्हणते. ज्याच्या घरी सहलीचे पैसे नसतात ते 'मला गाडी लागते' म्हणते. 'मला चालत नाही' म्हटले की पुढे दहा प्रश्न येतात. 'मला आवडत नाही' म्हटले की प्रश्न संपतात. सात वर्षांच्या पोराने सोपी वाट काढली होती. पण रोज त्या वाटेने जाणारे मूल हळूहळू आपल्या घरचे काहीच बाहेर सांगेनासे होते, हेही आम्ही वर्गात पाहिले आहे.

म्हणून आम्ही ठरवले की पाय घरी करायचा. धाकटीला ते पटले नाही.

"आपा, आज पाय, उद्या दुसरं काही. तुम्ही दोघी निघून जाल. रोज त्यांच्यासारखं करून कोण घालणार? त्यापेक्षा आपलं वेगळं आहे हे त्याला लवकर कळलेलं बरं."

तिच्या बोलण्यात तथ्य होते. परदेशात दोन मुले वाढवताना कुठे रेघ ओढायची, हे सोलापुरात बसून सांगणे सोपे आहे. पण अम्मीचे म्हणणे असे की, हराम-हलाल कोंबडीत आहे, भांड्याच्या आकारात नाही. "त्याला जे आवडतं ते आपलं करून दे. मग आपलं वेगळं काय ते त्याला कळेल." धाकटी गप्प बसली. तिने होकार दिला असे आम्ही धरून चाललो.

जावई आम्हाला डेव्हन ॲव्हेन्यूवर घेऊन गेले. हलाल मटणाची दुकाने, साड्या, मिठाई, अत्तर, सगळे एका रस्त्यावर. त्याच्या एका तुकड्याला गांधी मार्ग आणि दुसऱ्याला मोहम्मद अली जिना वे अशा मानाच्या पाट्या आहेत. अम्मीने दोन्ही पाट्या वाचून घेतल्या आणि कोंबडीचा भाव विचारला.

मग मोठ्या दुकानात गेलो. तिकडचा 'सोपा' पाय डब्यांतून होतो. चिकन सूपचा डबा फोडायचा, गोठवलेल्या भाज्या टाकायच्या आणि वर नळकांड्यात मिळणारी तयार बिस्किटे मांडायची. सूपचे असे डबे रश्शासाठी वापरण्याची रीत तिथे जुनीच. कॅम्पबेल कंपनीचे मश्रूमचे सूप 1934 साली आले, तेव्हापासून घराघरांत ती रुजली. पण चिकनच्या सूपमध्ये चिकन असते, आणि ते कोणते, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. पायच्या तयार पोळीच्या एका पाकिटावर 'लार्ड' लिहिलेले आम्ही वाचले. लार्ड म्हणजे डुकराची चरबी. नळकांड्यावर तसे काही नव्हते, पण मोनो आणि डायग्लिसराइड्स होते. ती वनस्पतीचीही असतात आणि प्राण्याचीही. कोणती, हे पाकीट सांगत नाही. पुष्कळ मालावर वर्तुळातला 'यू' असतो, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी तपासलेला माल. त्यात डुक्कर नाही एवढी खात्री होते, पण दारूला त्यांच्यात मनाई नाही, म्हणून त्यावरही डोळे मिटून विसंबता येत नाही. हे सगळे वाचत उभे राहण्यात अर्धा तास गेला. शेवटी मैदा, लोणी, दूध, भाज्या आणि बेकिंग पावडर एवढेच घेऊन आम्ही बाहेर पडलो. डबे फोडण्यापेक्षा फार तर पाऊण तास जास्त लागतो, आणि अर्धा तास तर दुकानात वाचण्यातच वाचतो.

आता कृती. सहा माणसांना पुरते.

पाऊण किलो कोंबडी हाडांसकट, एक कांदा, तमालपत्र आणि मीठ घालून अर्धा तास उकळा. तुकडे बाहेर काढून मांस सोडवा. पाणी फेकू नका, ते दोन कप मोजून ठेवा. अमेरिकेत लोणी कांडीने मिळते, एक कांडी 113 ग्रॅमची. अशा सव्वा कांडीत सगळे होते. त्यातले चार मोठे चमचे लोणी पातेल्यात वितळवून त्यावर बारीक चिरलेला कांदा, दोन गाजरे, एक बटाटा आणि मिळाल्या तर सेलरीच्या दोन काड्या परता. भाज्या थोड्या मऊ झाल्या की पाव कपाहून थोडा जास्त मैदा भुरभुरा आणि दोन मिनिटे परता. कच्चा वास जायला हवा. मग कोंबडीचे पाणी थोडे थोडे करून घाला. एकदम ओतले की गुठळ्या झाल्याच. त्यानंतर एक कप दूध, मटार, मांस, मीठ, मिरपूड. सैलसर पिठल्याइतके दाट झाले की उतरवा.

तिकडे यात थाइम नावाचा पाला घालतात. अम्मीने डबी उघडून वास घेतला आणि म्हणाली, "हा तर ओवा." ती चुकली नव्हती. दोन्हींत थायमॉल नावाचे एकच द्रव्य असते, वास त्याचाच. अछवानीसाठी आणलेला ओवा शेजारीच होता. चिमूटभर चुरडून तोच घातला. बाळंतिणीलाही त्या दिवशी वेगळे जेवण करावे लागले नाही.

बिस्किटांसाठी दोन कप मैदा, एक मोठा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खायचा सोडा, अर्धा चमचा मीठ. उरलेले सहा चमचे लोणी फ्रिजमधून काढल्या काढल्या बारीक तुकडे करून मैद्यात बोटांनी चुरायचे. लोणी वितळू द्यायचे नाही, मटाराएवढे खडे राहू द्यायचे. ओव्हनमध्ये त्या खड्यांची वाफ होते आणि त्यामुळेच पदर सुटतात. मग पाऊण कप थंडगार ताक. तिकडचे ताक आपल्यासारखे पातळ नसते, घुसळलेल्या दह्यासारखे दाट असते. इथे दह्यात थोडे पाणी घालून चालेल. पीठ मळायचे नाही, नुसते गोळा करायचे. आम्हाला हे सगळ्यात कठीण गेले, कारण अम्मीचे हात पीठ दिसले की मळायला लागतात. गोळा थापून दोन-तीन घड्या घाला, बोटभर जाड थापा आणि वाटीने गोल पाडा. वाटी सरळ दाबून सरळ उचलायची, फिरवायची नाही. फिरवली की कडा चिकटतात आणि बिस्किट फुगत नाही. गरम सारणावर गोल मांडा. सारण गार असेल तर बिस्किटाचा तळ कच्चा राहतो. 200 अंश सेल्सिअसला वीस ते पंचवीस मिनिटे.

घरी ओव्हन नसेल तर हिरमुसू नका. सोलापुरात आम्ही बिस्किटे जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर भाजतो, एकदा उलटतो आणि वाढताना सारणावर ठेवतो. वरचा खरपूसपणा थोडा कमी येतो, एवढेच.

त्या संध्याकाळी दस्तरखानावर भांडे आले तेव्हा भाचा गुडघ्यांवर उभा राहिला. बिस्मिल्लाह म्हणून त्याने पहिला घास घेतला, फुंकर न घालताच. दुसरा घेतला. मग विचार करून म्हणाला, "शाळेतल्यात एवढे मिरे नसतात."

धाकटीचा हात ताटावर थांबला. जावयांनी मुलाकडे पाहिले. त्यालाही कळले की काय बोलून गेलो, आणि त्याचा घास तोंडातच राहिला. एवढी शांतता त्या घरात बाळ झोपल्यावरही नसे.

अम्मीने त्याच्या ताटात आणखी एक बिस्किट ठेवले. "बरं, मग कुणाचं चांगलं?"

तो नानीकडे बघत राहिला. रागावली नाही अशी खात्री झाल्यावर म्हणाला, "बिस्किट तुमचं. आतलं त्यांचं."

जावयांना हसू आवरले नाही. धाकटी मात्र उठून बाळाकडे गेली.

मित्राच्या ताटातला एक चमचा त्याने खाल्ला होता, एकदाच, हे रात्री कळले. अम्मीने धाकटीला सांगितले की पोर नाबालिग आहे, त्याच्यावर गुन्हा नाही, तू जीव जाळू नकोस. धाकटी म्हणाली, "त्याचं नाही गं अम्मी. लाल गोल मी दर महिन्याला काढते. ते का काढते, हे मी त्याला कधी बसून सांगितलंच नाही. 'आपल्याला चालत नाही', बस."

दुसऱ्या दिवशी बाळाला अम्मीकडे देऊन ती मुलाच्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही. पुढच्या महिन्याचा कागद आला तेव्हा गोल काढायला तो तिच्या शेजारी बसला होता. काही गोल त्याने स्वतः काढले, एक चुकीचाही काढला, पनीरच्या सँडविचभोवती. धाकटीने तो खोडला.

आमच्या परतीच्या दोन दिवस आधी शाळेत पुन्हा पॉट पायचा दिवस होता. अम्मीने पहाटे फजरनंतर सारण चढवले, या वेळी मिरे अर्धे. बिस्किटे भाच्याने पाडली, वाटी न फिरवता. डब्यात गरम सारण आणि कागदात दोन बिस्किटे घेऊन तो गेला. संध्याकाळी आल्यावर त्याने सांगितले की बाईंना कळवले, मला चिकन आवडते, पण मी हलाल खातो. बाईंनी ते लिहून घेतले. मित्राला चव बघायची होती, पण एकमेकांच्या डब्यातले खायला त्या शाळेत परवानगी नाही. म्हणून मित्राने नुसता वास घेतला, दोनदा.