बसायला जागा

साताऱ्यात आलं की आधी ‘चार भिंती’ची टेकडी चढायची, हा माझा नेम. यंदाही उजाडता उजाडता वर पोचलो. दसऱ्याची मिरवणूक राजघराण्यातल्या स्त्रियांना पाहता यावी म्हणून प्रतापसिंह महाराजांनी १८३० मध्ये ही जागा बांधली. त्या स्त्रियांनी गाव पाहायचं, गावाने त्यांना पाहायचं नाही. म्हणून ही जागा अशी उंचावर, वस्तीपासून लांब. पुढे इथेच १८५७ च्या हुतात्म्यांचं स्मारक झालं. आता सकाळी फिरायला येणाऱ्या बाया पदर खोचून दम खातात, खळखळून हसतात. मी वर येतो तो खरं तर ते हसणं ऐकायला.

खाली उतरून राजवाडा. इथल्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा आंबेडकर हे नाव पटावर लागलं. साताऱ्यातल्या त्या शाळकरी दिवसांत त्यांना बसायला घरून गोणपाट न्यावं लागे आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. गावाचा आकार भिंती-रस्त्यांनी ठरतो म्हणतात. मला वाटतं, तो या गोणपाटानेही ठरला होता. आज त्याच वाड्यासमोर गांधी मैदानावर सभेला माणसं मांडीला मांडी लावून बसतात.

एसटीने कराड, पेठनाका, आष्टा करत दुपारी सांगली गाठली. इथलं गणपती मंदिर चिंतामणराव पटवर्धनांनी कृष्णेकाठी उभारलं आणि व्यापारी पेठेने नावच घेतलं गणपती पेठ. त्यांच्याच आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ नाटक रंगवलं. पण ते दरबारात, राजासमोर. सगळ्या गावाला पुरेल असं बसणं सांगलीत नदीने दिलं. घाटाच्या पायरीला ना मानाची जागा, ना तिकीट. पहाटे पोहणारे, दुपारी कपडे पिळणाऱ्या बाया, संध्याकाळी नुसतेच पाण्याकडे बघणारे, पायऱ्या त्याच. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर चढलं, तेव्हा हा घाट पुराखाली गडप झाला होता. पाणी उतरलं, माणसं परत आली.

मी उभाच होतो. खालच्या पायरीवरच्या आजींनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि शेजारणीला म्हणाल्या, “सरक गं जरा, पावण्याला बसू दे.”