जावळाचं घोंगडं

मागच्या दिवाळीची गोष्ट. माझ्या मोठ्या जाऊबाईंची लेक ऑस्ट्रेलियाहून औंधला आली आणि तिनं आजीसाठी, म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी, एक शाल आणली. खैऱ्या रंगाची, हाताला लोण्यासारखी. "काकू, ही अल्पाकाची आहे आणि हा रंग दिलेला नाही, त्याच्या अंगचाच आहे," ती म्हणाली.

अल्पाका म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, कबूल करते. उंटाच्या कुळातला, मेंढीपेक्षा थोडा थोराड, लांब मानेचा हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाकडचा. आता ऑस्ट्रेलियातही तो पाळतात. आमच्या पुतणीच्या ओळखीच्या एका बाईंकडे असे वीस अल्पाका आहेत. कुठल्या मादीला कुठला नर दाखवायचा, पिल्लाचा रंग काय निघाला, त्याची आजी कुठल्या रंगाची होती, सगळं त्या वहीत लिहून ठेवतात. लोकरीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून तंतूची जाडी मोजून घेतात. ती मायक्रॉनमध्ये मोजतात. हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर. वीस मायक्रॉनच्या आसपास तंतू निघाला की त्या बाई खूश! मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, आमच्याकडे लग्नाच्या पत्रिकासुद्धा इतक्या बारकाईनं बघत नाहीत.

सासूबाईंनी शालीवरून हात फिरवला. "मऊ आहे हो. पण ही वर घ्यायला झाली. खाली माझं काळं घोंगडं घाल."

माझ्या पोटात गोळा आला.

ते घोंगडं घरात नव्हतं. दहा वर्षांपूर्वी, लग्नानंतर दोनेक वर्षांनी, मी घर आवरायला काढलं होतं. नवी नवी गृहिणी, उत्साह दांडगा! माळ्यावरच्या जुन्या साड्यांच्या गठ्ठ्यात ते काळं, जड, टोचरं घोंगडंही होतं. कडेला कसरीनं चार भोकं पाडलेली. दारात बोहारीण आली होती. तिनं सगळा गठ्ठा घेतला आणि मला झाकणाचा स्टीलचा डबा दिला. त्या डब्यात मी अजून रवा ठेवते. सासूबाई तेव्हा गावाला गेल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आता त्यांचं वय ब्याऐंशी, कंबर धरलेली. आठवण कधी असते, कधी नसते. थंडी पडली की मात्र घोंगडं आठवतं.

"दुसरं आणून दे की," हे म्हणाले. पुरुषांना सगळं सोपं वाटतं. एका प्रदर्शनातून मी एक काळंभोर घोंगडं आणलं. सासूबाईंनी दोन बोटांत चिमटीनं धरलं आणि बाजूला सारलं. "ही लोकर नव्हे." ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं तर फडकं काळं झालं. रंगवलेलं, आणि सूतही बहुधा गिरणीचं.

मी इथल्या शाळेत अर्धवेळ शिकवते, मराठी आणि इतिहास. आठवीतल्या एका मुलीच्या घरी मेंढ्या आहेत हे मला माहीत होतं. दिवाळी झाली की तिचे आईवडील कळप घेऊन बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. ती शाळेसाठी आजीपाशी राहते. एका रविवारी त्यांच्या वस्तीवर गेले. आजी उन्हात बसून लोकर निवडत होत्या. मी सगळं सांगितलं (बोहारणीचं सोडून).

"तुमच्या सासूबाईंचं जावळाचं आसंल," आजी म्हणाल्या.

मी बघतच राहिले. आपण बाळाचं काढतो ते जावळ? तर होय, तेच. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ. त्या केसाला एकदाही कातर लागलेली नसते, त्यामुळे त्याचं टोक निमुळतं असतं आणि म्हणून ते टोचत नाही. रंगही त्याचाच खरा काळा. पुढे उन्हातान्हात हिंडून काळ्या लोकरीचं टोक तांबूस पडतं आणि वय झालं की मेंढीही आपल्यासारखीच पिकते. एका घोंगड्याला वीस-पंचवीस कोकरांचं जावळ लागतं. ते पिंजायचं, कातायचं, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची, मग मागावर विणायचं. खळीमुळे नवं घोंगडं पापडासारखं कडक असतं. ते वापरता वापरता मऊ होतं.

"मग मला एक करून द्या ना आजी. पैशाचं बघू नका."

आजी हसल्या. "पैसं हायती बाई, पर काळी बकरी कुठं हायती?"

(हे लोक मेंढीला बकरी म्हणतात आणि शेळीला शेरडू. पहिल्यांदा माझाही गोंधळ झाला होता.)

आमच्या माणदेशाकडची मूळची मेंढी दख्खनी. बहुतेक काळी, काटक, मैलोन् मैल चालणारी. तिची लोकर जाडीभरडी. एका कातरणीला अर्धा किलोसुद्धा मिळायची मारामार. ही लोकर सुधारावी म्हणून सरकारी केंद्रांवर मेरिनो, राम्बुये अशा परदेशी मेंढ्यांशी तिचा संकर करून पाहिला. त्यामागचा हिशेब उघड होता. गिरणीला बारीक आणि पांढरी लोकर हवी, कारण पांढरीला हवा तो रंग देता येतो. काळ्यावर दुसरा रंग चढत नाही. पण रानोमाळ हिंडणाऱ्या मेंढपाळांत ती परदेशी रक्ताची मेंढी काही रुजली नाही. पुढे लोकरीचा भावच गेला. मग फलटणच्या निंबकर संस्थेनं बंगालच्या सुंदरबनातल्या गरोल मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनीत उतरवला. काम फार मोलाचं, पण तेही मांसासाठी; लोकरीचा त्यात प्रश्नच नव्हता.

आणि आला माडग्याळ. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावच्या नावाची ही मेंढी. उंच, लांब पायांची, बाकदार नाकाची, पांढऱ्यावर तांबडे ठिपके. अंगावर लोकर नावालाच, पण कोकरू भराभर वाढतं. २०२० साली आटपाडीच्या बाजारात अशा एका मेंढ्याला सत्तर लाखांची बोली लागल्याची बातमी तुम्हीही वाचली असेल.

नऊ वर्षांपूर्वी आजींच्या मुलानं काळा नर विकला आणि माडग्याळ नर आणला. कळपात चाळीस-पन्नास मेंढ्या असल्या तरी नर एकच ठेवतात, बाकीची नर कोकरं लहानपणीच बाजारात जातात. म्हणजे कळपाचा रंग ठरतो तो त्या एका नरावर. "तीन वेतं झाली आन् कळप पांढरा झाला," आजी म्हणाल्या. त्यांनी पूर्वी नर कसा निवडला जाई तेही सांगितलं. आधी त्याची आई बघायची, तिला दूध किती. मग काळा रंग अंगभर एकसारखा आहे ना, ते लोकर फुंकरून मुळापर्यंत बघायचं. वही नव्हती, पण आजींना चार पिढ्या तोंडपाठ होत्या.

मी थोडी रागानंच म्हणाले, "मुलाला अडवलं नाहीत?"

"कशापायी अडवू? काळ्या कोकराला पैसा कमी. थोरल्या नातीचं लगीन माडग्याळावर झालं. लोकर कातरायला माणूस डोईमागं पैसं घेतो, आन् लोकर न्यायला कुणी येत न्हाई. बांधावर टाकतो आमी." मग त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या घरात हाय का वं एखादं घोंगडं?"

"होतं," मी म्हटलं. पुढं त्यांनी काही विचारलं नाही.

घरी येईपर्यंत तो प्रश्न मागे लागला होता. खरं सांगायचं तर त्या मुलाला नावं ठेवायचा मला काय अधिकार? आम्हीच फोमच्या गाद्या आणि मिंकची ब्लँकेटं आणली. पुतणीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, पेरूतही असंच झालंय. गिरण्यांना रंगवायला पांढरी लोकर हवी, म्हणून तिथले काळे, करडे, खैरे अल्पाका कमी कमी होत गेले. आता बिनरंगाच्या लोकरीला मागणी आली तसे लोक ते पुन्हा जपायला लागलेत. आपल्याकडच्या टोचऱ्या लोकरीला तशी मागणी येईल असं मला वाटत नाही. मला स्वतःला घोंगड्यावर झोप लागत नाही, खोटं कशाला बोलू!

आषाढात कळप परतला. एक दिवस ती मुलगी वर्गाबाहेर वाट बघत उभी. "बाई, आई पांढरी, बाप पांढरा, आन् कोकरू काळं कुळकुळीत झालंय!" आमच्या विज्ञानाच्या बाईंनी समजावून सांगितलं. पुष्कळ मेंढ्यांत पांढऱ्याचा गुण वरचढ असतो आणि काळ्याचा दबून राहतो. दोन्हीकडून काळ्याचा आला तरच कोकरू काळं. आताचा नर घरच्याच काळ्या मेंढीच्या वंशातला, त्यामुळे दबलेला काळा वर आला. आजींनी हेच तीन शब्दांत सांगितलं, "आजीवर गेलंय ते."

हे कोकरू धरून आणि म्हाताऱ्या काळ्या मेंढ्यांची मिळून कळपात सात काळी कोकरं होती. पाच नर बाजारात गेले, पण जाण्याआधी आजींनी त्यांचं जावळ काढून घेतलं. दोन माद्या मात्र विकू दिल्या नाहीत. त्यावरून घरात बोलाचाली झाल्याचं मुलीनंच मला सांगितलं. सात कोकरांच्या जावळात घोंगडं कुठलं होणार? आजींनी महिनाभर कातलं, म्हसवडच्या विणकराकडून विणून घेतलं आणि झालं एक आसन, दोन फूट बाय तीन फूट. देताना बजावलं, कडक ऊन दाखवत जा, घडीत कडुलिंबाचा पाला ठेव, म्हणजे कसर लागणार नाही. आणि धुवायचं तर गार पाण्यात, रिठ्यानं, न पिळता. गरम पाण्यात लोकरीच्या तंतूवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि कपडा आटतो. पूर्वी एक स्वेटर मी असाच बाहुलीएवढा करून ठेवलाय.

आणलं त्या रात्री ते आसन सासूबाईंच्या कमरेखाली घातलं आणि वरून पुतणीची खैरी शाल. त्यांनी हात खाली नेऊन चाचपलं, चिमटीत धरलं, बराच वेळ.

"जावळाचं आहे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून विचारलं, "बोहारणीनं परत दिलं का गं?"

माझे तर हातपायच गळाले. "आई, तुम्हाला माहीत होतं?"

"शेजारणींनी त्याच दिवशी सांगितलं होतं." त्यांनी कूस बदलली. "डबा मात्र चांगला दिला हो तिनं. झाकण अजून घट्ट बसतंय."