तारांकन नसलेला अहवाल

दहिसर नदीजवळच्या एका जुन्या इमारतीत राहणाऱ्या त्या सुनेच्या हाती दहाव्या आठवड्याचा रक्ताचा अहवाल आला, तेव्हा घरात समाधानच पसरले. क्रिएटिनिन ०.९. शेजारी छापलेल्या मर्यादेत बसणारा आकडा; ठळक अक्षर नाही, तारांकन नाही. बालपणी मूत्र उलट चढण्याच्या विकाराने तिच्या दोन्ही मूत्रपिंडांवर व्रण राहिले होते आणि ही गोष्ट लग्नाआधीच दोन्ही घरांत मोकळेपणाने बोलली गेली होती. म्हणूनच ‘नॉर्मल’ हा शब्द ऐकताच सासूबाईंनी हात जोडले.

मूत्रपिंडतज्ज्ञ मात्र तो कागद बराच वेळ पाहत राहिले. छापलेली मर्यादा गर्भवतींसाठी नव्हे, असे ते म्हणाले. निरोगी स्त्रीला दिवस गेले की पहिल्या काही आठवड्यांतच रक्तवाहिन्या सैलावतात, मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त वाढते, गाळण्याचे काम सुमारे ५० टक्क्यांनी वाढते. मूत्रपिंडाची लांबीसुद्धा सेंटिमीटरभर वाढते. क्रिएटिनिन मग ०.४ ते ०.६ पर्यंत उतरते. तिचे आधी १.० होते, आता ०.९. जो आकडा इतर वेळी निर्धास्त करतो, तोच गरोदरपणी सावध करणारा ठरतो.

घरी परतताना नवऱ्याला हे नीट उमगले ते पुलावरून. राष्ट्रीय उद्यानातल्या तुळशी तलावाच्या बाजूने येणारी ही नदी वरच्या अंगाला झाडीतून वाहते. वस्तीत शिरली की भिंतींमध्ये आवळली जाते. उन्हाळ्यात तिच्याकडे पाहून काही कळत नाही. २६ जुलै २००५ ला कळले होते. व्रण असलेल्या मूत्रपिंडात जे गाळणीचे पुंजके उरतात, ते आधीच आपल्या वाट्यापेक्षा अधिक काम करीत असतात. वाढीव भार आला की पसरायला जागा उरलेली नसते.

रक्तदाबाचेही तसेच. तो मधल्या महिन्यांत सहसा थोडा उतरतो. तिचा १२८/८२ वर ठाम राहिला. कोणा शेजारणीने तो ‘अगदी उत्तम’ ठरवला! पूर्वाक्षेपाचा, म्हणजे रक्तदाब एकाएकी चढून माता आणि बाळ दोघांनाही धोक्यात आणणाऱ्या विकाराचा, संभव अशा स्त्रियांत अधिक असतो. त्यासाठी बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेचे ॲस्पिरिन सुरू झाले. मूत्रपिंड जपणारी नेहमीची गोळी मात्र गर्भाला घातक म्हणून आधीच बंद केली होती. हिमोग्लोबिन घसरले तेव्हा खजूर, अंजीर, राजगिरा सगळे झाले. पण रक्तपेशी घडवण्याचा संदेश देणारे संप्रेरक मूत्रपिंडातच तयार होते, आणि ते वाढत्या गरजेला पुरेनासे झाले होते. लोहाबरोबर त्याचीही इंजेक्शने घ्यावी लागली.

सर्वांत अवघड गोष्ट पाण्याची निघाली. सूर्यास्तानंतर पाणीही न घेण्याचा तिचा नेम होता. मूत्रमार्गाचा संसर्ग अशा मूत्रपिंडाला फार महाग पडतो. शरीर कोरडे ठेवू नका, रात्रीही पाणी घ्या, असे डॉक्टरांनी सांगितले. ती खाली मान घालून बसली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या रात्री उकळून गाळलेल्या पाण्याचा तांब्या, वर फुलपात्र उपडे घालून, तिच्या उशाशी ठेवलेला होता. पुढे तो रोज असे.

छत्तिसाव्या आठवड्यात रक्तदाब चढला आणि शस्त्रक्रियेने मुलगी झाली. वजन २ किलो १०० ग्रॅम. काही दिवस काचेच्या पेटीत राहून ती घरी आली. आईचे क्रिएटिनिन सहा आठवड्यांनी १.२ भरले. हे खाली येईल की तिथेच राहील, हे पुढच्या तपासण्यांतून दिसेल. हा दोष कधी कधी घराण्यात उतरतो, म्हणून मुलीचीही सोनोग्राफी ठरली आहे.

आता नवा अहवाल आला की ती तारांकन शोधत नाही. पेन घेऊन समासात आधीचे आकडे एकाखाली एक लिहिते, आणि मग पाहते.