आज्जीला सांगू नको हं

‘आज्जी, आम्ही काल दारूच्या दुकानात जेवलो!’

माझ्या सहा वर्षांच्या लेकीनं व्हिडिओ कॉलवर हे जाहीर केलं तेव्हा मी फोडणी घालत होते. साताऱ्याहून आई क्षणभर काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘पोटभर जेवलीस ना?’ आणि तिनं विषय बदलला. आईनं विषय बदलला म्हणजे तो तिच्या मनात जाऊन बसला, हे मी चाळीस वर्षांत शिकलेय.

फोन ठेवल्यावर मी लेकीला म्हटलं, ‘आज्जीला असलं सांगायचं नाही हं.’

‘का?’

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आम्ही बंगळुरूत राहतो. इथे, पुण्यात किंवा गुरुग्राममध्ये असाल तर ब्रूपब तुम्हाला नवीन नाही. जागेवरच बिअर बनवतात आणि सोबत जेवण देतात. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर असा एक आहे. वर गच्ची, एक मोठं झाड, लाकडी बाकं. रविवारी संध्याकाळी तिथे आमच्यासारखीच कुटुंबं दिसतात. स्वयंपाक करायचा नाही आणि मॉलमध्येही जायचं नाही, असा दिवस सगळ्यांच्याच घरी येतो. नवरा एक ग्लास बिअर घेतो, मी कधी अर्धा, कधी नुसता लिंबू सोडा.

मुलांना घेऊन अशा ठिकाणी जाणार असाल तर आधी फोन करून विचारा. बऱ्याच ठिकाणी ठरावीक वेळेनंतर मुलांना आत घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. आम्ही सहाच्या आत पोचतो आणि गाणी मोठी व्हायच्या आत निघतो. उंच स्टुलांची टेबलं चुकूनही घेऊ नका. बसल्याबसल्या मुलांचं आधी मागवा, तिखट न घालता असं दोनदा सांगा. तरी तिखट येतंच, म्हणून माझ्या पर्समध्ये दह्याचा छोटा डबा असतो. हसू नका, कामाला येतो. गाडी न्यायची नाही. कायद्यानं १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलपर्यंत सूट आहे, पण मागच्या सीटवर मुलं असताना ते गणित कोण करत बसणार?

एवढं करूनही फजिती होतेच. मागच्या पावसाळ्यात आमचा तीन वर्षांचा धाकटा टेबलाखालून सुटला तो थेट वेटरच्या पायात. ट्रे आडवा, दोन ग्लास फुटले. कुणाला लागलं नाही, पण शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ ऐकू येईल इतपत पुटपुटले, ‘हे काय बालवाडीचं ठिकाण आहे?’ मला राग आला. घरी येईपर्यंत तो ओसरला, कारण त्यांचं काही चुकलं नव्हतं. ती जागा त्यांचीही होती. तेव्हापासून जेवण येईपर्यंत आमच्यापैकी एकजण धाकट्याला घेऊन फेऱ्या मारतो.

पण मला खरं सांगायचंय ते त्या ‘का?’बद्दल.

माझा मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, प्यायचा. आजोळी कुणी त्याला समोर बसून पिताना पाहिलं नाही. बाटली जुन्या ट्रंकेत कपड्यांखाली असायची. आजीला माहीत होतं, आईला माहीत होतं, आम्हा मुलांनाही माहीत होतं. बोलायचं कुणी नाही. बेचाळिसाव्या वर्षी तो लिव्हरनं गेला. त्यानंतरही पाहुण्यांना ‘कावीळ झाली होती’ असंच सांगितलं गेलं.

आणि मी माझ्या लेकीला सांगत होते, आज्जीला सांगू नको. म्हणजे ट्रंक बदलली, इतकंच.

त्याच रात्री आईला फोन केला. सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. ‘पोरांसमोर पिता?’ एवढंच विचारलं. मी ‘हो’ म्हटलं. ती बरं म्हणाली नाही, वाईटही म्हणाली नाही.

दिवाळीनंतर आई महिनाभर राहायला आली तेव्हा लेकीनंच हट्ट धरला, आज्जीला पण न्यायचं. आई काठाची साडी नेसून आली, जणू लग्नाला. बसली ती अवघडून. मग काचेपलीकडच्या मोठाल्या टाक्या बघून तिनं विचारलं, यात काय शिजवतात? बार्ली भिजवून, मोड आणून, वाळवून, भाजून घेतात, मग ती भरडून गरम पाण्यात मुरवतात, असं वेटरनं समजावलं. मी मराठीत सांगत गेले. ‘म्हणजे नाचणी सत्त्वासारखंच की,’ आई म्हणाली. ‘आणि चोथा?’ चोथा गोठ्यांना जातो, गायींसाठी, हे ऐकल्यावर तिचा चेहरा सैल पडला. तिच्या माहेरी म्हशी होत्या. आल्यापासून ओळखीचा वाटत होता तो वास आंबोणाचा, हे तिला तेव्हा उमगलं.

तेवढ्यात लेकीनं बाबाच्या ग्लासाकडे बोट केलं. ‘मला एक घोट?’

‘नाही,’ नवरा म्हणाला. ‘यानं शरीराला त्रास होतो, लहानांना जास्त. इथे २१ वर्षांच्या आधी कुणाला देतही नाहीत.’

‘मग तू का पितोस?’

‘आवडते म्हणून. एकच.’

आई त्याच्याकडे बघत होती. ‘दर वेळी एकच?’

‘हो, आई.’

‘मी मोजणार आहे, जावईबापू.’

ती साताऱ्याला परत गेली त्याला आता बरेच महिने झाले. सोमवारी सकाळी तिचा फोन येतो. काल काय जेवलात, हे ती लेकीला विचारते. बाबांनी किती घेतले, हेही तिलाच विचारते. आणि लेक खरं ते सांगते. मागच्या महिन्यात एकदा तिनं ‘दोन’ सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, ‘बाबांना दे फोन.’